एसजीपीटी वाढलाय, पण कावीळ नाही

सावेडी, नगर

चि. मीनल हिस,


तू पाठवलेले रिपोर्ट बघितले. सहा वर्षांची मुलगी, उंची चार वर्षांच्या पोरीएवढी. लोहाचं औषध वर्षभर चालू आहे तरी हिमोग्लोबिन सातावरून हलत नाही. पोट फुगलेलं आणि एसजीपीटी दीडशेच्या घरात. डोळे मात्र स्वच्छ, बिलिरुबिन नॉर्मल, हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह. पाथर्डीकडच्या तिच्या आजीनं गळ्यात काविळीची माळ घातली आणि तू लिव्हर टॉनिक लिहून दिलंस. माळेवर माझा राग नाही, ती गळ्यातच राहते, पोटात जात नाही. टॉनिकची बाटली बंद कर. कुणी झाडपाल्याचा रस पाजलाय का, नाकात काही सोडलंय का, हे रागावल्याशिवाय विचार. रागावलीस की आई खरं सांगत नाही.

या पोरीचं दुखणं यकृतात सुरू झालेलं नसावं, असं मला वाटतं. सिलिॲक आजाराचा विचार कर. आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल शिरेनं आधी यकृतातच जातं. गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याचं अस्तर सुजून झिरपू लागलं की नको ते सगळं तिकडे पोचतं आणि यकृताच्या पेशी कुरकुरायला लागतात. जगभरच्या अभ्यासांची २०१३ साली बेरीज झाली होती. नव्यानं निदान झालेल्या सिलिॲकच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांची एसजीपीटीसारखी एन्झाइम्स वाढलेली होती. उलट बाजूनं, कारण न सापडता एन्झाइम्स वाढलेल्या मुलांत दहातल्या एकाला तरी सिलिॲक निघाला.

‘हा पंजाब-हरियाणातला आजार, आपल्याकडे कुठला?’ असं तुझे सीनियर म्हणतील. त्यांना २०१६ चा अभ्यास दाखव. एम्सचे डॉ. गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी तीन भागांतल्या प्रौढांची तपासणी केली. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येला ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांना सिलिॲक होता. या आजाराला पोषक असलेली जनुकं तिन्हीकडे जवळपास सारखीच, तिघांतल्या एकाकडे. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोज सुमारे साडेचारशे ग्रॅम गहू, दक्षिणेत पंचवीस. आता आपला जिल्हा बघ. पाथर्डी, पारनेर, जामखेडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीवर जगली. आज त्याच घरांत पोरगं सकाळी चहात बिस्किट बुडवतं, शाळेच्या डब्यात पोळी नेतं, संध्याकाळी खारी किंवा पाव खातं, आणि भाकरी म्हाताऱ्यांच्या वाट्याला येते. जनुकं होतीच, गहू आता आला.

तेव्हा टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडीची तपासणी पाठव, सोबत एकूण आयजीए. आयजीए मुळातच कमी असलेल्या मुलात टीटीजी खोटा निगेटिव्ह येतो. आणि निदान पक्कं होईपर्यंत गहू बंद करू नकोस. ‘करून तर बघू’ म्हणून आधीच पोळी सोडायला लावली की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येतं, आणि पुढं आयुष्यभर कुणालाच नक्की सांगता येत नाही. टीटीजी दहापट वाढलेला असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, तर युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे बायोप्सीशिवाय निदान करता येतं. थोडासाच वाढलेला असेल तर एंडोस्कोपीला पाठव, कारण यकृताच्या जुनाट आजारातही टीटीजी किंचित चढतो.

रक्त घेतेच आहेस तर सीपीकेही कर. एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात. मुलग्यांत तर स्नायूंचा आजार लिव्हरचा समजून महिनोन्‌महिने उपचार होतात. सेरुलोप्लाझमिन कर, विल्सनचा आजार नजरेतून सुटायला नको. वजन वाढत नाही म्हणून कुणी क्षयाची औषधं दिली होती का, तेही विचार. त्यांनीही एसजीपीटी चढतो. आयएनआर वाढलेला आला तर लगेच ‘लिव्हर फेल’ म्हणून घरच्यांचा जीव घेऊ नकोस. आधी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दे. आयएनआर सुधारला तर दोष शोषणाचा, यकृताचा नव्हे.

बहुतेक मुलांत ग्लुटेनमुक्त पथ्य नीट पाळलं की सहा महिने ते वर्षात आकडे खाली येतात. औषध लागत नाही, यकृताची बायोप्सीही नाही. पण एक गट वेगळा असतो, आणि तो ओळखणं हेच तुझं काम. आयजीजी चढलेला, एएनए, एसएमए किंवा एलकेएम अँटिबॉडी पॉझिटिव्ह, एसजीपीटी कित्येक पट, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस. तो सिलिॲकसोबत येतो, पण पथ्यानं बरा होत नाही. त्याला प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन लागतं, नाहीतर सिऱ्हॉसिसपर्यंत जातो. म्हणून आयजीजी आत्ताच करून घे. पथ्य काटेकोर असूनही वर्षभरात आकडा उतरला नाही, तरी याच वाटेनं शोध घे आणि पुण्याला बालयकृततज्ज्ञांकडे पाठव. दुसऱ्या टोकाला फिनलंडमधले २००२ चे रुग्ण आहेत. यकृत इतकं बिघडलेलं की प्रत्यारोपणाचा विचार चालला होता, सिलिॲक सापडला, गहू थांबला आणि यकृत सावरलं. असं क्वचितच घडतं, पण घडतं, म्हणूनच प्रत्येक न उलगडलेल्या यकृताच्या आजारात हा प्रश्न विचारायचा.

निदान पक्कं झालं की पुढचा प्रश्न गिरणीचा. तू आईला ‘गहू बंद’ एवढंच सांगितलंस तर ती प्रामाणिकपणे ज्वारीची भाकरी देईल आणि टीटीजी तसाच राहील. गावच्या गिरणीत आधी गहू दळला जातो, मग त्याच दगडातून हिची ज्वारी जाते. इटलीतल्या २००७ च्या अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तेवढ्यानं आतड्याला इजा झाली. अर्धा ग्रॅम कणकेत तेवढं असतं. ‘एका बिस्किटानं काय होतंय’ म्हणणाऱ्या आजीला हेच सांग, पण चिमूटभर कणीक तळहातावर ठेवून. घरघंटी परवडत असेल तर उत्तम. नसेल तर माळ्यावरचं जातं खाली काढायला सांग, ते गव्हासाठी वापरायचं नाही. भाकरी आधी थापायची, पोळ्या मागाहून, आणि परात-तवा पोरीचा वेगळा.

रवा म्हणजे गहूच, हे पुष्कळ आयांना ठाऊक नसतं. सत्यनारायणाचा शिरा, शेवया, गव्हाच्या कुरडया, डाळ्यात गहू मिसळलेलं सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी, अंगणवाडीतली गव्हाची सुकडी, माल्टची पेयं, हे सगळं वर्ज्य. बांधणीच्या हिंगातही बऱ्याचदा मैदा असतो. शाळेतली खिचडी भाताची, ती चालेल. उपासाचे पदार्थ बहुतेक सगळे चालतात: भगर, साबुदाणा, राजगिरा. आपल्या अकोले तालुक्यातली नागली, वरई घे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असलं गावरान बी जपलंय. ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणाऱ्या महागड्या बिस्किटांच्या नादाला लावू नकोस. त्यातली साखर-चरबी वाढली की पथ्यावरच्या मुलांचं यकृत नव्यानं मेदानं भरतं.

हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली असली तरी अँटी-एचबीएस मोजून घे. सिलिॲकच्या मुलांत ती पुष्कळदा नीट लागत नाही. पथ्य स्थिरावल्यावर पुन्हा दिली की बहुतेकांना लागते. पोरीला धाकटा भाऊ आहे, त्याचाही टीटीजी कर, तो ठणठणीत दिसत असला तरी.

आयजीजी आला की फोटो पाठव. पुढच्या खेपेला आईसोबत आजीलाही बोलाव. घरात दळणाचा डबा कुणाच्या हातात आहे, ते तुला ठाऊकच आहे.

तुझी,
मावशी