घरचा उद्योग आणि घरची शाळा

प्रश्न : घरी मसाले-पापडांचा व्यवसाय आहे. मुलांना घरीच शिकवल्यास दहावीचे काय? कामात त्यांची मदत घेता येते का?

उत्तर : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, त्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) नाव नोंदवता येते. त्यासाठी १४ वर्षे पूर्ण हवीत. मराठी माध्यमही उपलब्ध आहे.

बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुले शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत कुटुंबाच्या उद्योगात हातभार लावू शकतात. मात्र काम धोकादायक नसावे आणि शिक्षणात अडथळा येऊ नये. मिरची कांडप, गरम तेल आणि यंत्रे यांपासून मुलांना दूरच ठेवावे.

वजनमापे, टक्केवारी आणि नफा-तोटा हे विषय उद्योगातून सहज शिकवता येतात. भाषा, विज्ञान आणि इतिहासासाठी मात्र स्वतंत्र वेळ लागतो. चैत्र-वैशाखात मसाल्यांची मागणी वाढते, तेव्हा अभ्यास हलका ठेवून पावसाळ्यात भरून काढता येतो. रोजचे अभ्यासाचे दोन-तीन तास मात्र ऑर्डर कितीही मोठी असली तरी मोडू नयेत.