पावसाळी मुलखातले कुत्र्याचे कान

मृग लागला की कर्जत-खालापुरात भिंती पाझरू लागतात, चपलांवर बुरशी चढते आणि दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात. याच हवेत आपली कुत्रीही राहतात. त्यांच्या कानाच्या आत तर बाराही महिने ऊन पोचत नाही. गावठी कुत्र्याचे कान उभे असल्याने त्यात निदान वारा खेळतो. पण गेल्या काही वर्षांत इथे माळामाळावर फार्महाऊसं उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनिएल आले. लोंबत्या कानांच्या या जाती आपल्या पावसाशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांचे कान आपल्यालाच सांभाळावे लागतात. घरची आणि शेजारपाजारची कुत्री सांभाळताना जे हाताला कळलं, ते इथे लिहिते.

१. आधी निरोगी कान ओळखायला शिका. कुत्रं अंगणात निवांत पडलेलं असताना त्याचा कान उलटून पाहावा आणि वास घ्यावा. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, मळ अगदी थोडा असतो आणि वास जवळजवळ नसतोच. हे एकदा डोळ्यांत आणि नाकात बसलं की बिघाड लगेच कळतो. आंबूस वास आणि चिकट तपकिरी मळ बहुतेकदा बुरशीचा असतो. पिवळसर, पातळ आणि घाण वासाचा स्राव म्हणजे पू समजावा. पिल्लाच्या कानात चहापत्तीसारखा काळपट कोरडा चुरा दिसला तर किडींचा, म्हणजे माइट्सचा, संशय घ्यावा. मात्र नक्की काय आहे ते मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरतं, आणि ते काम डॉक्टरांचं.

२. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. म्हणून बाहेरून कितीही डोकावलं तरी तो दिसत नाही, आणि कापूस लावलेली काडी घातली की मळ बाहेर येण्याऐवजी वळणावर जाऊन ठासतो. आपलं बोट सहज जाईल तिथपर्यंतच आपली हद्द.

३. धुण्याची रीत सोपी आहे, पण घाईत करू नये. कुत्र्यांच्या कानासाठी मिळणारं इअर क्लीनर डॉक्टरांना विचारून आणावं. पावसाळ्यात बाटली गार पडते, म्हणून ती आधी कोमट पाण्यात ठेवावी. गार द्राव कानात गेला तर कुत्र्याला गरगरतं, आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच ते पळ काढतं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून कुत्रं बिथरतं, त्यामुळे खाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी घालावी. एकाने समोर बसून बोलत राहावं, दुसऱ्याने कान वर धरून नळी भरेल इतका द्राव सोडावा. बाटलीचं तोंड कानाला लागू देऊ नये. मग कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट हळुवार चोळावं. आतून चुबुकचुबुक आवाज आला म्हणजे द्राव खाली पोचला. नंतर हात सोडावा आणि कुत्र्याला मनसोक्त डोकं झटकू द्यावं, कारण खरा मळ त्या झटकण्यानेच वर येतो. वर आलेलं बोटाला गुंडाळलेल्या कापसाने टिपून घ्यावं. दोन्ही कानांना वेगवेगळा कापूस वापरावा. शेवटी आवडीचा खाऊ द्यावा, तो विसरू नये.

कान दुखत असेल, रक्त येत असेल, मान एका बाजूला कलली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर घरी थेंबभरही काही घालू नका. पडदा फाटलेला असला तर एरवी चांगली असलेली औषधंही आतल्या कानाला इजा करतात, ऐकू येणंसुद्धा जाऊ शकतं.

४. निरोगी कान रोज धुवायचा नसतो. उभ्या कानाच्या कुत्र्याला कित्येक महिने धुण्याची गरजच पडत नाही. लोंबत्या कानाच्या किंवा पोहणाऱ्या कुत्र्याला पावसाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांनी पुरतं. त्याहून महत्त्वाचं काम कोरडं ठेवण्याचं. कुत्रं उल्हास नदीत, पाताळगंगेत किंवा भाताच्या खाचरात डुंबून आलं की कानाची पाळ उलटी करून सुती फडक्याने पुसावी आणि थोडा वेळ तशीच उघडी धरावी. आंघोळ घालताना पाणी डोक्यावरून ओतू नये, तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यावं.

५. खोबरेल, मोहरीचं तेल, हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, लिंबाचा रस यांतलं काहीही कानात नको. तेलाने मळ आणखी चिकट होतो, स्पिरिटने सोललेल्या कातडीची आग होते. माणसांच्या कानासाठी आणलेलं उरलेलं औषधही नको.

६. दसरा-दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येतं, डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं सुटतात. कोथळीगडाच्या किंवा इर्शाळगडाच्या वाटेवर चालून आलेल्या माणसाच्या पायमोज्यांत ती रुतलेली असतात. कुत्र्याच्या कानातही जातात. कुसळाच्या रचनेमुळे ते एकदा शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. जाताना धडधाकट असलेलं कुत्रं परत येताच एकच कान खाली पाडून वेड्यासारखं डोकं झटकू लागलं, तर कुसळाचाच विचार आधी करावा. पाणी किंवा तेल ओतून ते निघत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, ते भूल देऊन चिमट्याने काढतात. दोन दिवस थांबलं तर कुसळ पडद्यापर्यंत पोचू शकतं. या दिवसांत फिरून आल्यावर दारातच कान आणि पायांच्या बोटांमधल्या जागा तपासायची आमच्या घरात शिस्त आहे, आणि ती मी कुणालाही मोडू देत नाही.

७. गोचिडांना कान फार आवडतात. कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला कातडीची एक लहान दुमड असते. तिच्यात गोचीड नेमकी दडून बसते आणि वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. ती दुमड उलगडून पाहा. गोचीड काढताना बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरावी आणि सरळ वर ओढावी. रॉकेल, विडीचा चटका असले उपाय करू नयेत. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नये, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. एक मादी हजारो अंडी घालते, आणि तीसुद्धा पडवीच्या भिंतीच्या फटींत. म्हणून कुत्र्याइतकीच भिंतही साफ ठेवावी लागते. गोचिडीतून बेबेसिया आणि एर्लिकिया यांच्या संसर्गाचे आजार होतात. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त यांतलं काही दिसलं तर रक्ताची तपासणी लांबवू नका. गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्याला चोळणं घातक आहे. कुत्र्यांसाठी मानेवर सोडायचे थेंब आणि गोळ्या मिळतात, त्या वजनाप्रमाणे द्याव्या.

८. उभ्या कानाच्या गावठी कुत्र्यांना पावसाळ्यात माशा छळतात. कानाची टोकं चावून चावून रक्ताळतात, त्यावर खपली धरते आणि ती पुन्हा फुटते. अशा ओल्या जखमेत माशीने अंडी घातली की एक-दोन दिवसांत किडे पडतात. गुरांच्या जखमेला सीताफळाचा पाला वाटून लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण कानात आणि डोळ्याजवळ तो प्रयोग नको, आणि सीताफळाच्या बियांचा तर मुळीच नको; त्यांचा अंश डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. किडे पडलेला कान म्हणजे तातडीचं काम. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं. प्रकरण फारच गुंतागुंतीचं असेल तर परळला 1886 साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातलं, जुने लोक ज्याला बैलघोडा म्हणतात ते रुग्णालय आहे. कर्जतहून ते लांब पडतं, हे मान्य. म्हणूनच आजार तिथपर्यंत जाऊ न देणं बरं.

९. कान बरा झाला आणि दोन महिन्यांत पुन्हा बिघडला, तर मूळ बहुतेक वेळा कानाबाहेर असतं. खाण्यातल्या एखाद्या पदार्थाची किंवा धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी असेल तर कान हे बहुतेकदा तिचं पहिलं दिसणारं ठिकाण. अशा वेळी फक्त थेंब बदलत राहण्यात अर्थ नाही, कारण शोधून काढा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. खाज थांबली म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नये. सतत डोकं झटकण्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून कान रक्ताने फुगू शकतो, मग त्याला शस्त्रक्रियाही लागते.

१०. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसते किंवा टोक कापलेलं असतं, ती जखम समजू नका. निर्बीजीकरण झाल्याची ती खूण आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरणाबरोबर रेबीजची लसही दिली जाते. तरीही अनोळखी, दुखऱ्या कुत्र्याच्या कानाला हात लावताना सावध राहावं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि थेट दवाखाना गाठून लस घ्यावी.

११. शेवटचं बोलणं फार्महाऊसच्या मालकांशी. तुमचं कुत्रं आठवड्याचे पाच दिवस राखणदार दादांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हाताखाली असतं. त्यांतले बरेच जण ठाकूरवाडीतले, कातकरवाडीतले. त्यांना जनावराची नाडी कळते, कुत्रं उदास झालेलं तुमच्याआधी कळतं. पण डॉक्टरांकडे न्यायचा निर्णय आणि पैसा तुमच्या हातात असतो, आणि शनिवार उजाडेपर्यंत कान सडतो. तेव्हा कान साफ करायची रीत त्यांना समोर बसून दाखवा, क्लीनर, कापूस आणि चिमटा त्यांच्या ताब्यात द्या, डॉक्टरांचा नंबर पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. डॉक्टरांचा आणि गाडीचा खर्च विचारल्याशिवाय करायची मुभा त्यांना आधीच देऊन ठेवा. आणि त्याच अंगणात राहणाऱ्या त्यांच्या गावठी कुत्र्याचं औषधही त्याच बिलात धरा.