माळा रिकामा असू दे

नव्या जागेत राहायला निघालीस, तर आत्याच्या चार गोष्टी ऐकून जा. निम्म्या पाळल्यास तरी मी खूश. जागा लहान म्हणून कुरकुरू नकोस गं. लहान घरात पसारा लवकर दिसतो, हा त्याचा मोठा गुण.

१. माळा आणि पलंगाखालचे कप्पे पहिलं वर्षभर रिकामे ठेव — जागा दिसली की वस्तू बसली, आणि बसलेली वस्तू पाहुण्यासारखी आपणहून उठत नाही.

२. सुरुवातीला कुकर, कढई, तवा, दोन पातेली आणि ताटं-वाट्या एवढ्यावर स्वयंपाक कर. काही अडलंच तर कागदावर लिहून ठेव — दुकानात उभं राहिलं की सगळंच अडलेलं वाटतं.

३. मिक्सर खुशाल घे, पाट्यावर चटणी वाटायला लावणारी आत्या मी नव्हे. पण सँडविचचं एक, पॉपकॉर्नचं एक अशी यंत्रं नकोत — खायला सगळे, घासायला तू.

४. ऑनलाइन काही आवडलं तर कार्टमध्ये टाक आणि रविवारी दुपारी, पोटभर जेवून मगच उघड — रात्री अकराला वाटलेली गरज सकाळी ओळखही दाखवत नाही.

५. बिनव्याजी हप्त्याचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय बोट टेकवू नकोस — प्रोसेसिंग फी आणि जीएसटी तिथेच दडलेले असतात. हप्ता लहान, मुक्काम महान.

६. सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढ, बाकीचे कपडे बोहारणीला दे. पण बदल्यात भांडं घेशील ते घरातलं एखादं गळकं मोडीत काढायचं असेल तरच — नाहीतर कपाटातून गेलेलं ओट्याखाली परत येतं.

७. वापरात नसलेला मोबाइल ड्रॉवरमध्ये 'असू दे' म्हणून ठेवू नकोस. त्यातलं सगळं पुसून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे — जुनी बॅटरी फुगते, कधी पेटही घेते.

८. गजराचं साधं घड्याळ घे आणि रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव — गजर बंद करायला उचललेला फोन अर्ध्या तासाने खाली येतो. रिंग मात्र मोठी ठेव, अपरात्री आईचा फोन आला तर ऐकू यायला हवा.

९. संध्याकाळचा थोडा वेळ सगळ्यांचेच फोन बाजूला असू देत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून गावाने हे ठरवलं. तू भोंगा आणू नकोस, शेजारी भांडतील. कुकरची पहिली शिट्टी धर — एकट्याने पाळलेला नियम चार दिवसांचा, सगळ्यांनी पाळला की त्याची सवय होते.

१०. नको त्या जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ वर नोंद कर, ॲपच्या सूचनाही बंद कर. बँकेचे मेसेज तेवढे चालू ठेव — पैसे गेल्याचं तिथेच आधी कळतं.

११. घरच्यांचे, डॉक्टरांचे, गॅसवाल्याचे नंबर वहीत लिही. सायबर फसवणुकीचा १९३० हाही लिही — फोन हरवल्यावर फोनमधला नंबर काय कामाचा?

१२. दुसऱ्याची वस्तू, मग ती फुटकी कपबशी का असेना, न विचारता टाकू नकोस — आपलं कपाट आवरणं म्हणजे शहाणपण, दुसऱ्याचं आवरणं म्हणजे भांडण.

१३. वास्तुशांतीच्या निमंत्रणावर 'आहेर आणू नये' असं ठळक छाप. तरीही तुझा मामा भिंतीवरचं घड्याळ घेऊन येईलच, आणि दारात उभ्या माणसाला परत पाठवता येत नाही. तेव्हा त्याला आजच फोन करून सांग.