दारू आणि आपले यकृत



कापूस विकून हातात पैसा आला, की घरात बियाणे-खताचा हिशेब सुरू होतो आणि गावात दारूही वाढते. मोहाची असो, गुळाची गुडुंबा असो की दुकानातली सीलबंद बाटली, यकृताला सगळ्या सारख्याच. "मोहाची दारू झाडाची, ती बाधत नाही," हा समज चुकीचा आहे. प्रश्न पोटात मद्यार्क किती गेला, एवढाच असतो. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. रोज एवढा घेणाऱ्याचे यकृत काही वर्षांत बिघडू शकते. स्त्रियांना याहून कमी दारूही पुरते.

यकृत काय करते?

बकऱ्याची कलेजी आपण पाहिली आहे. तोच अवयव आपल्या उजव्या बरगड्यांखाली असतो. वजन सुमारे दीड किलो. अन्नरस साठवणे, रक्त गोठण्यास लागणारे पदार्थ बनविणे आणि विष निकामी करणे ही त्याची कामे. दारूही तिथेच जिरते.

बिघाडाच्या तीन पायऱ्या

१) यकृतावर चरबी चढते. बहुधा काहीच दुखत नाही. दारू सोडल्यास काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ शकते.

२) यकृताला सूज येते. भूक मरते, ताप येतो, डोळे पिवळे होतात.

३) यकृतात व्रण पडून ते कडक व गाठाळ होते. याला सिरॉसिस म्हणतात. मोरी गाळाने तुंबली की पाणी मागे फुगते, तसे रक्त मागे तुंबते. मग पोटात पाणी होते, पाय सुजतात आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. हे व्रण सहसा भरून येत नाहीत. तरीही या पायरीवर दारू सोडणारा न सोडणाऱ्यापेक्षा अधिक जगतो.

लक्षात ठेवा

• रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बरळणे किंवा सारखी गुंगी दिसल्यास त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. काविळीच्या झाडपाल्यात दिवस घालवू नका.

• रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर हात कापणे, झटके, भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

• काविळीत डाळ, अंडी बंद करू नका. यकृताच्या रोग्याला ताकदीचे अन्न लागते. पोटात पाणी असेल तर मात्र मीठ, लोणचे, पापड कमी करा.

• अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. पिणाऱ्याला पॅरासिटामॉलही जास्त झाल्यास घातक ठरते.

• फवारणी करून आल्यावर घोट घेतल्याने औषधाचे विष उतरत नाही. उलट विषबाधेची लक्षणे नशेत झाकली जातात आणि उपचाराला उशीर होतो.

एकट्याचे काम नव्हे

आपला जिल्हा आंध्र प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या साक्षरता वर्गातील बायकांनी सारा दारूविरुद्ध उठाव केला. तो राज्यभर पसरला आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारने सारा बंद केला. १९९५ साली पूर्ण दारूबंदीही आली, पण १९९७ मध्ये ती सैल झाली. कायदा येतो आणि जातोही. घराने व शेजाऱ्यांनी दिलेला आधार मात्र टिकतो.

तेव्हा पिणाऱ्याला शिव्या देऊन घराबाहेर काढू नका. तो शुद्धीवर असताना शांतपणे बोला आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा. यकृताची रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. कापसाचे पैसे आले की त्यातून आधी घरखर्च आणि उधारी बाजूला काढून घरच्या बाईच्या हाती द्या. पहिल्या पायरीवर थांबलेला माणूस पुढच्या पेरणीला धडधाकट उभा राहू शकतो.