द्रव्य, लोभ आणि शासन : एका शंकेचे निरूपण

गेल्या पावसाळ्यात साक्री येथे निरूपण आटोपल्यावर एका तरुण वासनिकाने दंडवत घालून शंका विचारली. "बाबा, लोभ हा जिवाचा मोठा शत्रू म्हणून आपण सांगता. मग पैसाच नसता आणि तो राखायला लागणारे सरकारही नसते, तर लोभ आपोआप मेला नसता का? माणसे लागेल ते एकमेकांना देऊन सुखाने राहिली नसती का?" शंका जुनी आहे, परंतु सुरत-नागपूर हमरस्त्यावरच्या बाजाराच्या गावी राहणाऱ्याने ती विचारावी याचे कौतुक वाटले. त्या दिवशी वेळ थोडा होता, म्हणून उत्तर अपुरे राहिले. ते येथे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

प्रथम पूर्वपक्ष बलवान करून मांडला पाहिजे. दुबळा पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नाही. पैशाविना समाज चालतो याला प्रमाण दूर शोधावे लागत नाही. आपल्याच गावांचा गावगाडा पिढ्यानुपिढ्या बहुतांशी नाण्याविना चालला. सुतार नांगर भरून देई, लोहार फाळ पाजवी, चांभार मोट शिवी, कुंभार मडकी देई. आणि सुगीला खळ्यावर ज्याचे त्याचे बलुते ज्वारी-बाजरीच्या रूपाने मिळे. कोणी कोणाला दर विचारीत नसे. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला आणि ठरल्या हप्त्याने रोख सारा भरण्याची सक्ती कडक झाली. मग हप्त्यासाठी सावकाराचे दार, आणि सावकाराच्या वहीत जमीन, असा क्रम लागला. तेव्हा नाणे आले आणि लोभ घेऊन आले, असे पूर्वपक्षी म्हणतो.

पण त्याच खळ्यावर थोडा वेळ अधिक उभे राहून पाहू. रास मोजून होता होता शेवटी कोण उभा असे? ज्याने वर्षभर सांगितले ते काम केले, सरकारी टपाल पळविले, मेलेले ढोर ओढले, तो वतनदार महार. त्याचे बलुते थोडे, ते मिळविण्यासाठी आर्जव मोठे, आणि वतन सोडून जाण्याची वाट जवळजवळ बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. अशा माणसाला गिरणीच्या पगाराचे रोख रुपये हाती येणे ही सुटका होती. रुपया कोणाची जात विचारीत नाही, आणि रुपया घेऊन माणूस गाव सोडू शकतो. म्हणजे जेथे नाणे नव्हते तेथेही लोभ होता. तो धान्याचा होता, फुकटच्या श्रमाचा होता, मानाचा होता. चारही वर्णांच्या घरी भिक्षेला जाण्याचा आपल्या मार्गाचा नियम ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हे अधिक सांगणे नलगे.

सांप्रदायिक परिभाषेत सांगावयाचे तर जिवाला अविद्या अनादी आहे. नाणे काल परवाचे. जे अनादीच्या पोटी आहे ते काल परवाची वस्तू काढून टाकल्याने कसे जाईल? विषय काढला तर विकार दुसरा विषय धरतो.

येथे कोणी विनोबांचे नाव घेईल, आणि ते योग्यच होईल. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, तेव्हा खानदेशाचा त्यांच्याशी ऋणानुबंध आहे. पुढे त्यांनी पवनार आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला : पैशाचे दान घ्यायचे नाही, हाताने शेती करायची, श्रमाने पिकेल त्यावर राहायचे. प्रयोग प्रामाणिक होता. त्यातूनच 1951 साली ते पायी निघाले आणि पोचमपल्लीला भूदानाचा उगम झाला. लाखो एकर जमीन लोकांनी दिली. पण दिलेली जमीन मोजायला, वाटायला, नावावर चढवायला तलाठी लागला, कायदा लागला. पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही, आणि काही दाने निव्वळ खडकाची निघाली. दानातही लोभ आपला वाटा राखून घेतो!

एक प्रयोग तर कोणी न मागता सर्व देशावर झाला. 8 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्री 500 व 1000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण रकमेच्या सुमारे 86 टक्के एका रात्रीत निरुपयोगी. तरी खेडी उपाशी मेली नाहीत. किराणा दुकानदाराने वहीत नाव मांडून तेल-मीठ दिले. मात्र त्या वहीत काय लिहिले होते? रुपयेच. नोट गेली, हिशेब राहिला. आणि उधारी मिळाली ती ओळखीच्याला. परगावच्या ऊसतोड मजुराला कोण उधार देणार? माझ्या मते सर्व विषयाची गाठ येथे आहे. जेथपर्यंत ओळख, तेथपर्यंत पैशाविना निभते. ओळख संपली की पैसा आणि शासन तिची जागा घेतात. अनोळखी माणसांनी एकमेकांचा विश्वास धरावा म्हणून ही दोन साधने आहेत. त्यांचा दुरुपयोग होतो हे खरे. पण त्यांच्यामुळे लोभ जन्मला हे खरे नव्हे.

ओळखीच्या सीमेत काय घडू शकते याचा दाखला मात्र आपल्याच तालुक्यात आहे. पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरात बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा पाडा. सुमारे शंभर घरे. भोवतालचे रान उजाड होऊन पाणी आटले होते. 1990 नंतरच्या वर्षांत श्री. चैत्राम पवार यांनी गावाला एकत्र बसविले, आणि गावाने जंगल राखण्याचे नियम स्वतःच केले. राखणदार नेमले. तोड करणाऱ्याला दंड ठेवला. आज 400 हेक्टरांहून अधिक जंगल तेथे उभे आहे, आटलेले पाणी परतले, आणि पावसाळ्यात रानभाज्यांचा महोत्सव भरतो. 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली.

वासनिक बंधूंनी हा दाखला नीट तपासावा, कारण पूर्वपक्षी तो आपल्या बाजूस ओढील. तेथे लोभ नव्हता काय? होता, सरपणाच्या मोळीचा होता, आणि तो करणारा बहुधा आपलाच भाऊबंद. पैसा नव्हता काय? दंड पैशातच. शासन नव्हते काय? गावाने केलेला नियम म्हणजेच शासन. शिवाय गावाला वनराखणीत भागीदार करून घेणारे संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण सरकारचे. विशेष एवढाच, की नियम करणारा, पाळणारा आणि पाळला जातो की नाही हे पाहणारा एकच होता. लोभ मेला नाही. त्याला लपायला जागा उरली नाही.

आता स्वतःविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही भिक्षुक संचय करीत नाही, माध्यान्हीची झोळी हाच आमचा आधार, आणि म्हणून कोणी आमच्याकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा, पैशाविना समाज! परंतु झोळीतली भाकरी ज्या शेतातून आली त्याचे बी विकत आणले होते, खताला सोसायटीचे कर्ज होते, बांधाचा तंटा तहसिलीत चालला होता. वासनिकाच्या पैशावर आमचा निर्द्रव्यपणा उभा आहे. सर्वच झोळी घेऊन निघाले तर घालणार कोण? शिवाय आश्रमांना आज पावतीपुस्तके आहेत, विश्वस्त आहेत. आणि रुपयाला हात न लावणाऱ्या साधूच्याही मनात पोथीचा, आसनाचा, पुढच्या पंक्तीचा लोभ मी पाहिला आहे. इतरांच्या आधी स्वतःच्या मनात पाहिला आहे. संन्यास ही जिवाची साधना आहे. ती राज्यव्यवस्थेचा नमुना म्हणून सांगितलेली नाही, आणि तशी समजणाऱ्याने दोहोंचाही घोटाळा केला.

त्या तरुणाच्या शंकेचे मूळ मला दुसऱ्या दिवशी कळले. दोघे भाऊ, वडिलोपार्जित विहीर एक. पाण्याला भाडे नाही, दावा नाही, सरकार मध्ये नाही. तरी तीन वर्षे एकमेकांशी बोलणे नाही, आणि मोटार रात्री कोणी चालविली यावरून दोन्ही घरच्या बाया शिव्यांवर आलेल्या. मी विचारले, "पाळी कोणाची कधी, हे दोघांखेरीज कोणास ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "नाही बाबा, घरातली गोष्ट बाहेर कशाला?" मग शेजारच्या दोन वृद्ध वासनिकांना बोलाविले, थोरल्यालाही बोलाविले. थोरला प्रथम आला नाही; संध्याकाळी आला. चौघांसमोर पाळ्या कागदावर उतरल्या, पाळी मोडणाऱ्याने विहिरीच्या गाळउपशाचा खर्च एकट्याने भरावा असे ठरले, आणि तो कागद मोटारीच्या खोलीच्या दाराला आतून न लावता बाहेरून लावला. रब्बीत मी पुन्हा त्या वाटेने गेलो तेव्हा थोरल्याने गाळउपशाचे पैसे एकदा भरले होते. गहू दोघांचाही निसवला होता.