घड्याळ पुढे का करतात?

काकतीत अंगणात काठी रोवून आम्ही पाहिले, तर तिची सावली सर्वांत आखूड झाली ती बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची. आपण तिच्या आठ अंश पश्चिमेस, आणि दर अंशामागे चार मिनिटांचा फरक. घड्याळातील वेळ हा माणसांनी आपसांत केलेला ठरावच होय.

हा ठराव ऋतुपरत्वे बदलण्याची रीत जर्मनीने १९१६ साली, महायुद्धात इंधन वाचविण्यासाठी, देशभर लागू केली. लंडनला उन्हाळ्यात साडेसोळा तासांचा दिवस असतो; लोक झोपेत असतानाच पहाटेचा उजेड वाया जातो. म्हणून तेथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. उजेड वाढत नाही. एक तास पहाटेकडून संध्याकाळकडे जातो, इतकेच.

आपल्याकडे सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचेही अंतर नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातील घड्याळे बारमाही एक तास पुढे होती. गोठ्यातल्या बैलांना हा ठराव कोण सांगणार! त्या वर्षांत जानेवारीत काकतीला सूर्य उगवे, तेव्हा घड्याळात आठ वाजलेले असत.