कावडीचा दुसरा खांदा

वाई,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सौ. कुमुद हिस,

तुझे पत्र पावले. अक्काच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, प्रकृतीचे वर्तमान तू सविस्तर कळवलेस. परंतु ज्या मजकुरापाशी मी थबकलो तो अगदी शेवटी, सही करता करता लिहिल्यासारखा आहे. आईने दिवेलागणीला तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला म्हणून तू तिच्यावर ओरडलीस, आणि मग रात्रभर स्वतःला दूषणे देत बसलीस. या गोष्टीला तू पाप समजतेस, आणि पाप समजल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून दुप्पट राबून त्याचे प्रायश्चित्त घेऊ पाहतेस. म्हणजे ज्या थकव्यापोटी ते शब्द तोंडून गेले, तोच थकवा तू वाढवीत आहेस. वर्षानुवर्षे अपुऱ्या झोपेवर चालणाऱ्या माणसाचा आवाज चढला, तर त्याने आधी आपल्या दिनक्रमाची झडती घ्यावी. अंतःकरणाची घेण्याचे कारण नाही.

मातृपितृसेवेचा विषय निघाला की आपल्याकडे श्रावणबाळाचे नाव ओघानेच येते, आणि तुलाही ते येता-जाता ऐकवले जात असेल. त्या कथेच्या पूर्वार्धाचे कौतुक करणाऱ्यांनी तिचा शेवटही ध्यानात घ्यावा. दशरथाचा बाण लागला तो एकाला, परंतु प्राण गेले तिघांचे. कारण त्या अंध दांपत्याचे अन्न, पाणी, वाट आणि विसावा ही सारी एकाच देहावर टांगलेली होती, आणि तो देह कोसळताच कावड उचलण्यास त्या अरण्यात दुसरे कोणी नव्हते. श्रावणाची भक्ती निर्विवाद थोर. पण त्याच्या व्यवस्थेत जी उणीव होती ती तू आपल्या घरात राहू देऊ नयेस, एवढेच मला या पत्रातून सांगावयाचे आहे. तिरडीला खांदा देण्यास माणसे न बोलावता जमतात. कावडीला दुसरा खांदा मात्र मागूनच घ्यावा लागतो.

तो मागण्याची तुझी रीत मी प्रत्यक्ष ऐकली आहे. तुझे दोघे भाऊ फोनवर म्हणतात, "काही लागलं तर सांग हं," आणि तू उत्तर देतेस, "काही नको, होतंय सगळं." या संवादाने त्यांना विचारल्याचे समाधान मिळते, तुला न मागितल्याचे मिळते, आणि काम होते तिथेच राहते. त्याऐवजी एक वही घाल. सकाळच्या गोळ्यांपासून मध्यरात्री उठून शौचास नेण्यापर्यंत प्रत्येक काम, त्यास लागणारा वेळ, आणि डायपर, औषधे, मावशींचा पगार हा महिन्याचा खर्च तीत बिनचूक मांड, आणि ती वही दोघांपुढे ठेव. जो पुण्यास आहे त्याने ठरल्या शनिवार-रविवारी येऊन आईपाशी राहावे, आणि त्या दिवसांत तू घराबाहेर पडावेस. जो बंगळूरला आहे त्याने रात्रीच्या मावशींचा खर्च उचलावा व बँकेचे, विम्याचे, निवृत्तिवेतनाचे कागद सांभाळावेत, कारण ही कामे दुरूनही होण्यासारखी आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा जो कायदा २००७ साली झाला, त्याने मुलगा आणि मुलगी असा भेद ठेवलेला नाही. कर्तव्य सर्व सज्ञान अपत्यांचे मानले आहे. प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची पाळी आपल्या घरावर येईल असे मला मुळीच वाटत नाही; परंतु मिळकतीच्या वाटणीत जे समान वारस, ते जागरणातही समान, हे भावांना शांतपणे सांगण्यास तुला संकोच नसावा.

आता अक्काविषयी. सांजावताच "मला घरी जायचंय, नाना वाट बघत असतील," असे म्हणत ती दाराची कडी चाचपू लागते. त्यावर "हेच तुझं घर, नाना जाऊन किती वर्षं झाली," असे तू खरेखुरे उत्तर देतेस, तेव्हा पितृनिधनाची वार्ता तिला दर संध्याकाळी नव्याने कळते. मग शब्द ती विसरते, दुःख मात्र मागे राहते. संध्याकाळी अशी घालमेल वाढणे हे स्मृतिभ्रंशाचे परिचित लक्षण आहे, आणि त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकलेला नाही. तिच्या मनातले घर म्हणजे आमचा इथला वाडा. "परसात काय काय लावलंय गं?" असे विचारून तिला बोलती कर, अंधार पडण्यापूर्वीच दिवे लाव, पावट्याच्या शेंगा निवडायला पुढ्यात दे, हात गुंतले की पाय दाराकडे वळत नाहीत. तिचा भ्रम एखाद्या दिवशी एकाएकी वाढला, तर मूळ आजारच बळावला असे गृहीत धरू नकोस. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने असे घडू शकते, तेव्हा डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी राहिली असेल तर तीही करून घे. त्यांच्या कमतरतेनेही स्मृती मंदावते, आणि त्यावर उपाय आहेत.

सकाळच्या प्रहरी तिची बुद्धी अद्याप स्वच्छ असते असे तू लिहितेस. तेवढ्या अवकाशात कागदपत्रांची तजवीज व्हावी. मुखत्यारपत्र केले की निर्धास्त, असा सार्वत्रिक समज आहे; पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते देणारी व्यक्ती मनोविकल झाली की मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो, म्हणजे ज्या दिवसासाठी दस्तऐवज केला त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. तेव्हा बँकेचे खाते संयुक्त करून घे व नामनिर्देशन तपास. मृत्युपत्र करण्याची तिची स्वतःची इच्छा असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि तिच्या मनःस्थितीविषयी डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. हे सारे दोन्ही भावांना आधी कळवून कर, म्हणजे पुढे किल्मिष राहणार नाही. नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही विसरू नकोस.

राहता राहिलीस तू. अक्काला पलंगावरून उठवताना कमरेतून वाकतेस, ते सोड. गुडघे वाकवून, तिला अंगाशी धरून उठव, नाहीतर वर्षभरात त्या घरात दोन पलंग लागतील. रक्तदाबाची स्वतःची गोळी आईच्या गोळ्यांबरोबरच काढून ठेव. आणि जो गाण्याचा वर्ग सोडलास तो पुन्हा धर. "आईला मावशींवर टाकून ही गाणं शिकते," असे कोणी म्हणेलही. म्हणोत बापडे, तासभर मोकळी होऊन परतलेली मुलगी आईची वेणी घालताना केस ओढत नाही, हे त्यांना दिसत नसले तरी अक्काला कळते.

मार्गशीर्ष लागला की मी पंधरवडाभर तुमच्याकडे येत आहे. तिला उचलणे, न्हाऊ घालणे आता या वयात मला झेपायचे नाही. परंतु त्या वाड्यातल्या माणसांची नावे घेऊन तिच्याशी बोलणारा आता मीच काय तो उरलो आहे, तेव्हा दिवेलागणीची वेळ माझ्या नावे लाव. त्या संध्याकाळी तू कुठे जाणार आहेस ते वहीत लिहून मला उलट टपाली कळव. "बघू" हे उत्तर चालणार नाही.

तुझ्या यजमानांनी आजवर जे निभावून नेले त्याबद्दल त्यांस माझे नमस्कार सांग. मुलांस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा